कविता पूर्ण करून दगडाकडे नेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदा ओळींची कविता तयार आहे, ती बागेत उभ्या राहणाऱ्या शिळेवर कोरायची आहे आणि कोरणारा कलाकारही ठरला आहे. कविता टाइप करून त्याच्या हाती दिली की तुमचं काम संपलं का? त्याने शब्द बदलायला सांगितलं तर ऐकायचं का? आणि शेवटी ते काम कोणाचं म्हणायचं? मी बरीच वर्षं दगडात अक्षरं कोरतोय, त्यातली पुष्कळशी कवींबरोबर. त्यामुळे उत्तर कोरणाऱ्याच्या बाजूने येणार हे धरूनच वाचा.

पहिल्याच प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. कविता 'तयार' आहे, अडचण तिथेच आहे. कागदावर पक्की झालेली कविता दगडावर उतरवायला घेतली की कोरणाऱ्याच्या हातात फक्त नक्कल करणं उरतं. चांगली शिलाकामं पाहिली आहेत ती बहुतेक अशी, की कवी दगड पाहायला गेला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम कच्चा मसुदा होता.

आधी हिशेब करू, कारण पुढचे निम्मे वाद तो न केल्यामुळे होतात. समजा शिळा जमिनीवर पाच फूट दिसते आणि दोन फूट रुंद आहे. खालचा दीड फूट सोडून द्या. तिथे गवत वाढतं, पावसात माती उडते आणि वाचायला वाकावं लागतं. वर चार बोटं मोकळी ठेवली की उरते साधारण ९५० मिलिमीटर उंची. अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, ४० मिलिमीटर धरला, तर वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार मिळून एका ओळीला ९० मिलिमीटरच्या आसपास जागा जाते. म्हणजे दहा ओळी. रुंदीत दोन्ही कडा सोडून ४४० मिलिमीटर उरतात, त्यात शब्दांमधली मोकळी जागा धरून बारा अक्षरं बसली तरी खूप. तुमच्या ओळी सोळा-सतरा अक्षरांच्या असतील तर प्रत्येक ओळ मध्येच मोडणार आणि चौदाच्या अठ्ठावीस होणार.

मग लोक म्हणतात, अक्षर लहान करा. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: दहा फुटांवरून सहज वाचता यावं असं वाटत असेल तर अक्षर निदान एक इंच हवं. पण तो रंगवलेल्या अक्षराचा नियम झाला. न रंगवलेलं कोरीव अक्षर निव्वळ सावलीवर दिसतं, त्याला त्याहून जास्त उंची लागते. दुसरा उपाय म्हणजे कवितेतल्या 'चांगल्या' चार ओळी उचलून कोरणं. हा मला सगळ्यात नावडता. कवितेतून कापलेल्या चार ओळी दगडावर कॅलेंडरवरच्या सुविचारासारख्या दिसतात. त्यापेक्षा त्याच विषयावर दगडासाठी वेगळी, छोटी कविता लिहा. जुनी चौदा ओळींची कविता तुमच्या संग्रहात राहू दे, तिचं काही बिघडत नाही.

वेगळी लिहायची याला आणखी एक कारण आहे. शिळेसमोर येणारा माणूस वाचायला आलेला नसतो. तो चालत असतो, थांबतो, मधलीच ओळ आधी वाचतो, कधी अर्धं वाचून निघून जातो. त्याला धागा मधूनही धरता आला पाहिजे. इंग्लंडमध्ये पेनाइन डोंगररांगांत सायमन आर्मिटेज या कवीने आणि पिप हॉल या अक्षर कोरणाऱ्या कलावतीने २०१२ मध्ये पुऱ्या केलेल्या शिळा या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत. बर्फ, पाऊस, धुकं, दव, डबकं, ओढा अशा पाण्याच्या सहा रूपांवर सहा कविता वेगवेगळ्या जागी कोरल्या आहेत. एकच लांब कविता सहा तुकड्यांत वाटून दिलेली नाही. प्रत्येक शिळेची कविता स्वतंत्रपणे वाचता येते, सहाही पाहिल्या तर त्यांची मालिका होते. तिथला दगड भरड कणांचा वालुकाश्म आहे, त्यात बारीक अक्षर टिकणारच नाही. कवितांच्या लांबीला ही मर्यादा आपोआप पडते.

आता अगदी जवळून एक उदाहरण बघू. समजा कवीने या दोन ओळी आणल्या:

तू नुसता बसून राहा
झऱ्याचे येणे ऐकत

कागदावर काही अडचण नाही. दगडावर ओळी एकमेकींच्या जवळ येतात, तेव्हा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. इथे 'तू' आणि 'नु' यांचे उकार 'झऱ्या'च्या डोक्यावर उतरतात. 'झऱ्या'ला वर काहीच नाही, त्यामुळे ते छान बसतात. पण 'सू'चा दीर्घ उकार नेमका 'येणे'च्या दोन मात्रांवर येतो. दोन खाचांमध्ये दगडाची पातळ भिंत उरते आणि भरड दगडात ती भिंत घाव घालतानाच टवका होऊन उडते. उपाय तीन. ओळींमधलं अंतर वाढवायचं, म्हणजे कविता विसविशीत होते. खालची ओळ उजवीकडे सरकवायची. किंवा कवीला सांगायचं की इथे अडतंय, काय करूया?

आणि मग कवी 'तू नुसता थांब' असं करून पाहतो. 'बसून राहा'मध्ये थोडा उपदेश होता, तो गेला. 'थांब'च्या वर अनुस्वार आहे, खाली काही नाही, म्हणून 'येणे'च्या मात्रा मोकळ्या सुटतात. वरची ओळ आखूड झाली, तिच्यापुढे रिकामा दगड राहिला आणि थांबण्याला जागा मिळाली. हा बदल मी सुचवायचा नसतो. अडचण दाखवणं माझं काम, शब्द शोधणं कवीचं. अडचणच दाखवली नसती तर हा शब्द आला नसता, एवढंच.

त्याच ओळीतला 'ऱ्या' बघा. त्यातला अर्धा र म्हणजे चंद्रकोरीसारखी एक बारीक रेघ. छापील ठशात ती आहे तशी चालते, दगडात ती मुद्दाम मोठी आणि जाड काढावी लागते, नाहीतर कोणी 'झया' वाचेल. 'उद्ध्वस्त' हा शब्द तर कोणत्याही कोरणाऱ्याला घाम फोडतो. एकाखाली एक अक्षरं रचायची की हलन्त देऊन मोकळी लिहायची, हे कवीने आणि कोरणाऱ्याने आधी बोलून घ्यावं. ल आणि श यांचंही तसंच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, हे २००९ च्या शासन निर्णयातही स्पष्ट आहे. तरी कॉम्प्युटरवरचे बरेच फॉन्ट हिंदी वळणाची रूपं देतात आणि ती तशीच दगडावर जातात. मला ते बघवत नाही.

जोडाक्षरं टाळा असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. कोरायला अवघड असलेले काही शब्द अवघड म्हणूनच ठेवावेत. एका कवयित्रीने 'हळूहळू' शब्द मला त्रास नको म्हणून काढायला घेतला होता. ळ कोरणं खरोखर जिकिरीचं असतं, दोन्ही वाटोळ्या गाठी सारख्या यायला हव्यात आणि त्यांच्या पोटातली दगडाची बेटं शाबूत राहायला हवीत. इथे तर दोन ळ, प्रत्येकाखाली दीर्घ उकार. पण त्या चार अक्षरांपाशी वाचणाऱ्याची नजर रेंगाळते, आणि कवितेला तेच हवं होतं. मी हट्टाने तो शब्द ठेवायला लावला.

विरामचिन्हांबद्दल मी एवढा उदार नाही. स्वल्पविराम दगडावर खरचटल्यासारखा दिसतो, त्याचं काम ओळ मोडून होतं. तीन टिंबं म्हणजे तीन खड्डे, त्यात पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. टिंबांऐवजी अर्धी ओळ कोरी सोडा.

आता अक्षरांच्या वळणाकडे. टाइप केलेली फाइल देऊन 'हाच फॉन्ट कोरा' असं सांगणाऱ्या कवींना मी एक जुनी गोष्ट सांगतो. शिलालेखांच्या कामात पूर्वी पुष्कळदा तीन माणसं असत: रचणारा, दगडावर लिहिणारा आणि कोरणारा. मधला माणूस शाईने किंवा खडूने दगडावर अक्षरं आखून देई, त्यावर छिन्नी चाले. कधी दोन भूमिका एकाच माणसाकडे येत. कर्नाटकातल्या तळगुंदच्या पाचव्या शतकातल्या स्तंभलेखात कुब्ज नावाचा कवी सांगतो की हे आपलं काव्य त्याने स्वतःच दगडावर लिहिलं. बंगालमधल्या देवपाड्याच्या बाराव्या शतकातल्या प्रशस्तीत रचणारा उमापतिधर आणि कोरणारा शूलपाणी अशी दोन्ही नावं आहेत. शूलपाणीला तर तिथे वरेंद्रच्या, म्हणजे उत्तर बंगालच्या, शिल्पी मंडळींचा चूडामणी म्हटलं आहे. फॉन्ट वापरला की त्या मधल्या माणसाच्या जागी असा कोणी येतो ज्याने ना हा दगड पाहिला आहे, ना ही कविता वाचली आहे.

तांत्रिक अंगानेही फॉन्ट अडतो. हाताने कोरलेलं अक्षर म्हणजे उतरत्या दोन भिंतींची खाच. छिन्नी आधी रेघेच्या मधोमध चालते, मग दोन्ही बाजू उतरत्या करत आणायच्या, त्या तळाशी एका धारेत मिळतात. भिंतींचा उतार सारखा ठेवला तर जाड रेघ आपोआप खोल जाते, बारीक रेघ उथळ राहते. म्हणून रेघेची जाडी ठरवताना सावलीची खोलीही ठरत असते. हे पडद्यावर दिसत नाही. कोरणाऱ्याला चपट्या कुंचल्याने पूर्ण आकारात कागदावर लिहू द्या, तो कागद शिळेच्या जागी टांगा आणि दहा पावलं मागे जाऊन वाचा. ओळी कुठे मोडायच्या हे तिथे उभं राहून दोघांनी ठरवायचं.

उजेडाचा विचार कवीने करायला हवा, कारण त्याचा अर्थाशी संबंध आहे. उभ्या शिळेवर दुपारचा उजेड वरून येतो. तेव्हा आडव्या रेघा, मुख्यतः शिरोरेषा, ठसठशीत दिसतात आणि काने, दंड फिके पडतात. सकाळ-संध्याकाळी उजेड बाजूने आला की उलटं: उभ्या रेघा उठून येतात, शिरोरेषा बुजते. ज्या बाजूवर थेट ऊन कधीच पडत नाही, तिथे न रंगवलेली कविता ढगाळ दिवशी जवळपास नाहीशी होते. तुम्हाला तसंच हवं असेल तर उत्तम, तसं ठरवून करा. नको असेल तर शिळेची दिशा बदला किंवा अक्षरांत रंग भरा. रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागतो हेही लक्षात असू द्या.

दगडाच्या निवडीत शेवटचा शब्द कोरणाऱ्याचा, पण थोडं माहीत असलेलं बरं. स्लेटसारखा बारीक पोताचा दगड लहान अक्षर आणि तीक्ष्ण कड दोन्ही देतो. वालुकाश्म नरम, कोरायला सुखाचा, पण थरांचा. लांब सलग शिरोरेषा थराच्या दिशेने गेली तर तिथून पाणी शिरतं आणि पापुद्रा सुटतो, म्हणून काही जण शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी किंचित तोडतात. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक कडेचे निखळतात, त्यात नाजूक वळण मागू नका. काळ्या बेसॉल्टला कठीण धातूच्या टोकाची छिन्नी लागते. घासलेल्या पृष्ठभागावर ताजा घाव राखट-पांढरा दिसतो, त्याने सुरुवातीला अक्षर झकास उठतं, पण तो फरक वर्षांगणिक कमी होत जातो. उद्घाटनाच्या फोटोवर खूश होऊ नका. आणि बेसॉल्ट सछिद्र असेल तर एक गमतीशीर धोका: शिरोरेषेवर नेमकं एखादं नैसर्गिक छिद्र आलं की तो अनुस्वार होतो. 'मद'चा 'मंद' होतो. आखणी करताना ओळ इकडे-तिकडे सरकवून छिद्रं चुकवावी लागतात, किंवा कवीने ठरवायचं की जिथे अनुस्वार हवा तिथेच ते छिद्र आणायचं. हे जमून आलं तर त्यासारखी मजा नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: कोरणाऱ्याने शब्द बदलायला सांगितलं तर? 'बसत नाही' आणि 'आवडत नाही' यांत फरक करा. बसत नाही म्हणाला तर कागदावर काढून दाखवायला सांगा. दिसलं की पटेल, किंवा त्यालाच दुसरा मार्ग सुचेल. आवडत नाही म्हणाला तर ऐकून घ्या, इतका सावकाश वाचणारा वाचक कवीला क्वचित मिळतो, पण बदलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हालाही हाच नियम लागू आहे. 'हे अक्षर वाचता येत नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, 'हे वळण जरा गोड करा' म्हणायचा नाही.

शुद्धलेखनाचं मात्र भिजत ठेवू नका. पूर्ण आकाराच्या आखणीवर तुमची सही झाल्याशिवाय छिन्नी लागू नये. सही करण्याआधी कविता न वाचलेल्या तिसऱ्या माणसाकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. तुम्ही दोघं ती इतक्यांदा वाचून बसलेले असता की डोळा चूक दुरुस्त करूनच वाचतो. 'स्थिती'तल्या दोन वेलांट्या उलटसुलट झाल्या तर कोणाच्या लक्षात येत नाही, उद्घाटनाच्या दिवशी पहिला पाहुणा ते सांगतो. कोरल्यानंतर दुरुस्ती म्हणजे अख्खा दर्शनी भाग घासून खाली नेणं, नाहीतर तेवढा तुकडा कापून त्याच दगडाचा दुसरा बसवणं. चिकटवणाच्या लुकणाने भरलेलं अक्षर ऊन-पावसात वेगळं दिसायला लागतं.

पैशांचं आणि हक्कांचं सुरुवातीलाच लिहून ठेवा. कोरणारे बरेचदा अक्षरांवर मोजणी करतात. तिथे जोडाक्षर एक धरायचं की दोन, मात्रा वेगळी मोजायची का, हे विचारून घ्या. कवीचं मानधन वेगळं आणि ते मागायला लाजू नये. कविता तुमची, अक्षररचना त्याची. पोस्टकार्डावर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शिळेचा फोटो छापायचा झाला तर दोघांची परवानगी लागेल, असं ठरवून टाका. शिळा हलवायची, रंगवायची, पुन्हा कोरायची वेळ आली तर दोघांना विचारलं जाईल, हेही जागेच्या मालकाकडून लिहून घ्या.

उरला नावाचा प्रश्न. स्कॉटलंडमधले इयन हॅमिल्टन फिनली (१९२५–२००६) हे कवी. त्यांनी १९६६ पासून डोंगरातल्या एका ओसाड शेतजागेची बाग केली आणि तिच्यात दगडावर, लाकडावर शब्द कोरवून घेतले. छिन्नी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाती असे, आणि कामाच्या नोंदीत 'अमुक यांच्यासह' असं त्या कारागिराचं नाव येई. मला ती पद्धत योग्य वाटते. तुमच्या शिळेवर दर्शनी बाजूला कोणाचंच नाव नको, तिथे फक्त कविता. बाजूच्या कडेवर, गुडघ्याच्या थोडं वर, २० मिलिमीटरच्या अक्षरांत दोन्ही नावं आणि वर्ष, एकाच मापात.